वरच्या खोलीच्या भाडेकरू

आमच्या घराचा विमा आहे हे मला घराचे पत्रे उडाल्यावर आठवलं. बँकेनं कर्ज देताना कागदांच्या चळतीवर सह्या घेतल्या होत्या, त्यात एक सही विम्याचीही होती. पुढे दरवर्षी त्याचे पैसे आपोआप कापले जात आणि मी दरवर्षी चार शिव्या देऊन विसरून जात असे.

घर धायरीत आहे. खाली दोन खोल्या नि स्वयंपाकघर, त्यावर स्लॅब, आणि गच्चीच्या एका कोपऱ्यात विटांच्या भिंतींची, पत्र्याच्या छताची एक खोली. ही खोली आम्ही घर घेण्याआधीपासूनची. नकाशात आहे, पॉलिसीतही आहे. तिच्यात आमच्या सासूबाई राहतात. तेव्हा त्यांना विचारलं असतंत तर त्यांनी सांगितलं असतं, भाड्यानं.

सासूबाई यवतमाळकडच्या. सासरे गेले तेव्हा गावी त्या एकट्याच उरल्या. माझी बायको ही त्यांची एकुलती एक लेक. गुडघे बोलायला लागले, पुण्याला डॉक्टर चांगले, इकडेच या, असं आम्ही दोघांनी खूप विनवलं. त्या ऐकेनात. "लेकीच्या घरी राह्यते काय कोणी? वरची खोली भाड्यानं देता का? देत असाल तं येतो." त्यांच्याकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात. मला वाटलं, गंमत करतायत. पण त्या आल्या त्या शेगडी, तवा, पाटा-वरवंटा असा स्वतंत्र संसार घेऊन, आणि आल्या आल्या पहिल्या महिन्याचं भाडं माझ्या हातावर ठेवलं. पुण्यात लोक भाडेकरूसाठी पाट्या लावतात, 'शाकाहारी, नोकरदार, कुटुंबवत्सल'. मला घरबसल्या मिळाली, नि ती सासू.

मी भाडं घेत असे. नाही घेतलं असतं तर त्या दुसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवर दिसल्या असत्या. ते पैसे मी त्यांच्या नावानं साठवून वगैरे ठेवले नाहीत, तसलं नाटक मला जमत नाही. घरखर्चात गेले. उलट त्यांच्या शेगडीवर जे शिजे त्यातलं निम्मं झाकण घालून खाली येई. पण आमच्याकडचं काही वर जात नसे. दिवाळीला त्या खाली येऊन बसत, तेव्हाही सोबत आपला पाण्याचा तांब्या घेऊन येत. मी एकदा त्यांच्याशी वाद घातला होता. गच्चीवर टाकी एक, त्याच टाकीतून तुमच्या खोलीत नळ आणि त्याच टाकीतून आमच्या स्वयंपाकघरात नळ, मग पाणी वेगळं कसं? त्या म्हणाल्या, "नळ येगळा हाय ना, बाप्पा." जावई हा दहावा ग्रह म्हणतात. सासू कितवी ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

मी मार्केट यार्डात भुसार मालाच्या एका गाळ्यावर हिशेब लिहितो. संध्याकाळी घरी आलो की डोक्यात डाळीचा भुसा असतो. मी गाडी लावत असतानाच गच्चीच्या कठड्यावरून आवाज येई, "जावईबापू, आज तुरीचा भाव काय होता?" मी सांगत असे. त्या "बरं" म्हणत किंवा "घसरलाच म्हणा की" म्हणत. विकायला त्यांच्याकडे एक दाणा तूर नव्हती. जमीन कधीच चुलत्या-पुतण्यांनी वाटून घेतली होती. पण जन्मभर तूर पिकवलेल्या बाईला भाव कळल्याशिवाय जेवण जात नसे. मलाही पुढेपुढे असं झालं की गाळा बंद करताना तुरीचा भाव मनात घोळवत निघायचो. घरी कुणी विचारणार आहे हे बरं वाटायचं.

आणि मग ते वळवाचं वादळ आलं. मे महिन्यात येतात तसलंच, पण या खेपेला वाऱ्याला काय झालं होतं कोण जाणे. समोरच्या सोसायटीचा फ्लेक्स आमच्या गेटवर येऊन आदळला, आणि पाठोपाठ वर असा आवाज झाला की बायको हातातली कणीक तशीच टाकून जिन्याकडे धावली. जिन्यात सासूबाई उतरताना दिसल्या. चिंब भिजलेल्या, एका हातात तिखटाचा डबा. अगदी शांतपणे म्हणाल्या, "दोन पत्रे गेले, जावईबापू. ग्यास बंद केला म्या."

दोन नव्हे, सगळेच गेले होते. एक शेजारच्या प्लॉटमध्ये सापडला, एक विजेच्या तारेला अडकून राहिला, बाकीचे वाकून गच्चीवरच पडले होते. गादी, धान्य, देव, सगळं भिजलं. त्या संध्याकाळपासून सासूबाई खाली आमच्या दिवाणखान्यात आल्या. आणि खरी अडचण तिथून सुरू झाली.

त्या सोफ्याच्या अगदी कडेवर बसत, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारख्या. पंखा लावला तर म्हणत, राहू द्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत. तहान लागली की दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून त्या बिनछपराच्या खोलीत जात, आपल्या नळाचा तांब्या भरून आणत. सकाळी ऊन चढायच्या आत वरच उघड्यावर शेगडी पेटवून भाकरी थापत. मी म्हटलं, आई, हे काय चाललंय? तर म्हणाल्या, "तुमाले अडचण करतो का मी?" संध्याकाळी घरी आलो तरी तुरीचा भाव कुणी विचारेना. पाहुणी बाई घरमालकाला बाजारभाव कशाला विचारील?

मी म्हटलं, उसने-पासने करून पत्रे टाकून घेऊ. त्यावर सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "माह्यासाठी कर्ज काढसाल, तं मी उद्याच निघतो." त्यांच्या खात्यात कर्ज म्हणजे उपकार. तेव्हा मला विम्याची आठवण झाली. विम्याचे पैसे म्हणजे कुणाचे उपकार नाहीत, आपणच भरलेले आहेत, हे त्यांना पटलं. "मंग येऊ द्या," म्हणाल्या. तेवढ्यात गावाहून त्यांच्या दिरांचा फोन आला. पावसाळ्याच्या आत इकडे या, ओसरीवर खाट टाकून देतो, बसचं तिकीट काढून ठेवतो. सासूबाईंनी नाही म्हटलं नाही. आता दोनच वाटा उरल्या होत्या. पावसाच्या आत छप्पर झालं तर त्या राहणार होत्या, नाहीतर जाणार होत्या. एकदा त्या ओसरीवरच्या खाटेवर गेल्या असत्या की पुन्हा येणाऱ्यातल्या नव्हत्या, हे बायकोलाही कळत होतं नि मलाही.

मला त्या जायला नको होत्या. सरळच सांगतो.

विमा कंपनीनं सर्व्हेअर पाठवला. म्हणजे नुकसान बघून, मोजून, अहवाल लिहिणारा माणूस. बिबवेवाडीहून स्कूटरवर आला, पन्नाशीचा, हेल्मेट काढायच्या आधीच गेटचा फोटो काढणारा. मी त्याला वर नेलं. त्यानं भिंती बघितल्या, टेप लावून मापं घेतली, पत्रे धरून ठेवणारे हुक एकेक करून बोटांनी चाचपले. मला धाकधूक होती की गंज दिसला तर म्हणेल, छप्पर जुनंच होतं, वाऱ्यानं काही केलेलं नाही. पण तो म्हणाला, "हुक वाकलेत. कुजलेले नाहीत. वाऱ्याचंच काम आहे." मी मनातल्या मनात पेढे वाटले.

तोवर सासूबाईंनी त्या उघड्या खोलीत शेगडीवर चहा ठेवला होता. घरी आलेल्या माणसाला चहा न देता कसं पाठवायचं? पण चहा त्यांच्या शेगडीवरचाच. सर्व्हेअरनं कप घेतला आणि लिहिता लिहिता विचारलं, "इथे कोण राहतं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई पदर सारखा करून म्हणाल्या, "मी राह्यतो. भाड्यानं. फुकट नाही राहात. दर महिन्याले पैसे देतो, इचारा यांना."

सर्व्हेअरनं पेन थांबवलं. "भाडेकरू?"

"सासूबाई आहेत माझ्या," मी म्हटलं.

"सासूबाई भाडेकरू आहेत?"

"हो. म्हणजे तसं नाही."

"भाडं घेता का?"

आपलेच दात नि आपलेच ओठ. "घेतो," मी म्हटलं.

"करार केलाय? पोलिसांकडे भाडेकरूची नोंद?"

"सासूची पोलिसात नोंद करायची राहून गेली," मी म्हणालो. तो हसला नाही. त्यानं लिहून घेतलं, चहा संपवला, कप स्वतः धुवून पालथा घातला नि निघून गेला.

सासूबाई खूश होत्या. आपण लेकीच्या जिवावर राहत नाही, हे त्यांनी एका सरकारी दिसणाऱ्या माणसासमोर ठणकावून सांगितलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

व्हायचं तेच झालं. कंपनीचा मेल आला. आपण घर स्वतःच्या कुटुंबाच्या राहण्यासाठी असल्याचं लिहून दिलं आहे, प्रत्यक्षात नुकसान झालेल्या भागात भाडेकरू आढळला, सबब खुलासा होईपर्यंत क्लेम थांबवण्यात येत आहे. मी सर्व्हेअरला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं आणि कोरडेपणानं म्हणाला, "त्या माझ्यासमोर स्वतः बोलल्या. ते आता तुमच्या सांगण्यानं मला पुसता येणार नाही. मी परत येतो. काय असेल ते त्यांनीच सांगावं, मी जबाब लिहून घेतो. खरं सांगा म्हणावं, बस."

खरं सांगा. इथेच तर घोडं पेंड खात होतं. मी सासूबाईंपुढे बसून सगळं समजावलं. तुम्ही आमच्या घरातल्या आहात एवढं म्हणा, छप्पर होऊन जाईल. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता खोटं बोलू मी? भाडं देल्लं का नाही देल्लं?"

"दिलंत."

"तुमी घेतलं का नाही घेतलं?"

"घेतलं."

"मंग?"

यावर यार्डातल्या भल्या भल्या दलालांनीही सौदा सोडून दिला असता. बायको दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी वाळलेली लुगडी घडी करून गाठोडं बांधायला घेतलं. सर्व्हेअर यायचा होता त्याच आठवड्यातलं दिरांनी काढलेलं तिकीट होतं.

संध्याकाळी मी यार्डातून एक ताडपत्री आणली आणि खोलीवर टाकावी म्हणून वर निघालो. जिन्याच्या वळणावर मायलेकींचा आवाज आला आणि मी तिथेच थांबलो. चोरून ऐकणं वाईट. पण परत फिरलो असतो तर पायरीवर ताडपत्री वाजली असती.

बायको म्हणत होती, "आई, मला मूल नाही, म्हणून ना?"

मग तीच पुढे म्हणाली,

"लेकीला मूल होत नाही तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. लहानपणी मी ऐकलंय तुझ्याच तोंडून. मला काय कळत नाही का तो तांब्या?"

मी पायरीवर बसलो. इतकी वर्षं मी त्या तांब्यावर विनोद करत होतो. नळ वेगळा, टाकी एक. आम्हाला मूल नाही. दवाखाने झाले, उपास झाले, मग एक दिवस आम्ही दोघांनी तो विषय मिटवून टाकला आणि मला वाटलं की घरात तो कुणाच्याच मनात उरला नाही.

सासूबाईंचा आवाज आला, हळू. "माह्या बापानं पाळलं होतं, बाई. मी नांदायले गेली, तं मले भेटाले चालत येत. वाड्यात पाय नाही टाकत. बाहेर लिंबाखाली बसत, शेजारच्या घरून पाणी मागून पेत. मी आतून पाहत राहो. तू झाली, तवा पयल्यांदा आत आले. तुले मांडीवर घेतलं आन मले म्हणाले, आण आता पाणी. तांब्याभर पेले." मग म्हणाल्या, "कसं मोडू मी ते? आन तुह्या तोंडावर तरी कसं सांगू? तुले टोचलं असतं. म्हणून म्हटलं, आपण भाडेकरू होऊ. भाडेकरूनं आपलं पाणी आपण प्यावं, त्यात कोणाले काही वाटत नाही."

बायको रडत होती. तिच्या बोलण्यात ते ऐकू येत होतं. "आई, आजोबांना वाट बघायला कुणी तरी होतं. माझ्या घरी आता कुणी यायचं नाही. आली आहेस ती तूच. तूही अशी बाहेर बसणार का?"

मी ताडपत्री तिथेच ठेवून खाली आलो आणि उगाच गाडी पुसत राहिलो.

सर्व्हेअर आला त्या दुपारी मी गाळ्यावरून लवकर निघून आलो. दिवाणखान्यात सासूबाई सोफ्याच्या कडेवर, शेजारी बांधलेलं गाठोडं. आदल्या संध्याकाळपासून त्या कुणाशी फार बोलल्या नव्हत्या. काय सांगणार आहेत याचा ना मला पत्ता होता ना बायकोला. बायकोनं विचारलं नाही आणि मलाही विचारू दिलं नाही. सर्व्हेअरनं खुर्ची ओढली, मांडीवर पॅड घेतलं.

"आजी, तुमचं यांच्याशी नातं काय?"

"ही माही पोरगी. हे जावई."

"वरच्या खोलीचं भाडं देत होता?"

"देत होतो."

सर्व्हेअरनं लिहिलं आणि मान वर न करता पुढचं विचारलं. "का देत होता? म्हणजे खोली भाड्यानं घेतली होती, की घरातलं माणूस म्हणून हातभार?"

सासूबाई गाठोड्याची गाठ चाचपत राहिल्या. सर्व्हेअरनं थोडी वाट बघितली, मग म्हणाला, "दुसरं विचारतो. इथे कायमच्या राहता, की पाहुण्या म्हणून आहात? मला एकच काहीतरी लिहायचंय."

त्यांनी गाठोड्यावर हात ठेवला होता. त्या लेकीकडे बघत होत्या. बायको स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होती. मला आत्ताही ते डोळ्यांपुढे आहे, पंखा बंद होता, बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत चालला होता, आणि आम्ही तिघं त्या बाईच्या तोंडाकडे बघत होतो.

"कायमची," सासूबाई म्हणाल्या. "ल्याहा तुमी. हे माह्या पोरीचं घर हाय. मी अथीच राह्यतो, तिच्यापाशी. भाडं देत होतो, तो माहा हेका होता. आता नाही देणार."

सर्व्हेअरनं ते बरंचसं तसंच लिहून घेतलं. मला वाटतं 'हेका' हा शब्द विम्याच्या कागदात पहिल्यांदाच गेला असावा.

पुढचं इथेच सांगून टाकतो. क्लेम मंजूर झाला. कंपन्या कापतात तेवढे पैसे त्यांनी कापलेच, पण पत्रे नवे आले, हुक नवे आले, आणि पावसाच्या आत खोलीवर छप्पर बसलं. तिकीट रद्द झालं. सासूबाई वर झोपायला जातात, शेगडीही वरच आहे, कारण बायकोच्या हातचं तिखट त्यांना कमी वाटतं. ते मलाही वाटतं, पण मला वर शेगडी नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं. सर्व्हेअरनं सही घेतली, पॅड मिटलं, तेव्हा बायको आतून पाणी घेऊन आली. एकच पेला, सर्व्हेअरसाठी. सासूबाईंसाठी पाणी आणायचं नाही ही तिच्या हातांना सवय होती. सर्व्हेअर पाणी प्यायला, रिकामा पेला ताटलीत ठेवला.

सासूबाई म्हणाल्या, "आन मले?"

बायको तशीच उभी राहिली. मग आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, भांडं भरल्याचा आला, मग नळ बंद झाला तरी ती लगेच बाहेर येईना. आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि हातात पेला नव्हता, तांब्या होता. आमचा, खालचा.

सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि वरून धार धरून प्यायल्या. मध्ये थांबल्या नाहीत. थोडं पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. सर्व्हेअरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो हेल्मेट काखेत धरून म्हणाला, "ऊनच तसंय," आणि निघाला.

तांब्या खाली ठेवून सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि सोफ्यावर नीट मागे टेकून बसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, आज तुरीचा भाव काय होता?"

दुपारपर्यंत मी तोच लिहीत बसलो होतो. मला काही केल्या आठवेना.